बाराव्या तुकड्याची फट

लाटणं, भोवरा, कॅरमच्या सोंगट्या, पाळण्याचे दांडे, जुन्या वाड्याच्या जिन्याचा कठडा. या सगळ्या वस्तू लेथवरच्या. लाकूड गरगर फिरतं, कारागीर लोखंडी टेकूवर पटाशी रोवून तिची धार त्याला भिडवतो आणि ढलप्यांचा पाऊस पडायला लागतो. हत्यार कसंही धरा, कुठेही टेकवा, जे निघेल ते गोलच निघणार. कातारी हजारो वर्षं हेच करत आले आणि त्यांनी त्यात बहारही आणली. सावंतवाडीच्या चितार आळीत कातलेली लाकडी फळं आणि खेळणी, कर्नाटकात चन्नपट्टणची खेळणी, ही सगळी एकेका अखंड तुकड्यातून काढलेली. रंग नंतर चढवायचा. चन्नपट्टणला तर फिरत्या लाकडावरच लाखेची कांडी दाबून.

अखंड लाकडाचा जाच मात्र मोठा. फूटभर व्यासाचं भांडं हवं असेल तर फुटाहून जाड ओंडका पाहिजे. तो वाळताना तडकू नये म्हणून मधला गाभा टाळायला पाहिजे. वाळल्यावर भांडं थोडं लंबगोल होणार, हे गृहीत धरायला पाहिजे. आणि रंगाच्या बाबतीत झाड देईल ते घ्यायचं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत आणि इतरत्र हौशी-व्यावसायिक काताऱ्यांची एक शाखा जोमात आली. ओंडका आणायचाच नाही, असं या मंडळींनी ठरवलं. बोटभर, चार बोटं लांबीचे शेकडो तुकडे कापायचे, त्यांची कडी जोडायची, कड्यांवर कडी चढवायची आणि तयार झालेली ओबडधोबड लगोरी लेथवर चढवायची. याला ‘सेगमेंटेड टर्निंग’ म्हणतात. मराठीत तुकडेजोड कातकाम म्हणायला हरकत नाही. १९८६ साली स्थापन झालेल्या ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स’ या संस्थेत आज तुकडेजोड करणाऱ्यांची स्वतंत्र शाखा आहे. लेथवरचं काम या प्रकारात सगळ्यात शेवटी येतं. वस्तू घडते ती त्याआधी, करवतीवर आणि कागदावर.

पंधरा अंश म्हणजे पंधराच

समजा, बारा तुकड्यांचं एक कडं करायचं आहे. वर्तुळाचे ३६० अंश बारात वाटले की प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला ३० येतात. तुकड्याला दोन तिरप्या बाजू असतात, म्हणून प्रत्येक बाजू १५ अंशांनी कापायची. चोवीस तुकडे असतील तर साडेसात, छत्तीस असतील तर पाच. लांबी काढायलाही शाळेतली त्रिकोणमिती पुरते. कड्याच्या व्यासाला त्या कोनाच्या ‘टॅन’ने गुणलं की तुकड्याची बाहेरची बाजू मिळते. तीस सेंटिमीटरच्या बारा तुकडी कड्यासाठी ती सुमारे आठ सेंटिमीटर भरते. चोवीस तुकड्यांच्या कड्यासाठी चारच्या जरा आत.

कागदावर हे इतकं सरळ आहे की नवखा माणूस सुतारी करवतीचा काटा पंधरावर आणतो, बारा तुकडे कापतो आणि टेबलावर मांडतो. अकरा तुकडे एकमेकांना चिकटून बसतात. बारावा ठेवला की त्याच्या शेजारी फट राहते. फट तर चांगली घसघशीत, पेन्सिल आत जाईल एवढी.

कारण साधं आहे. बारा तुकड्यांना चोवीस काप. करवत प्रत्येक कापात अंशाचा फक्त दहावा भाग चुकली, तरी चुका एकाच दिशेच्या असल्याने त्यांची बेरीज होते आणि ती २.४ अंश भरते. पंधरा सेंटिमीटर त्रिज्येवर तेवढ्या कोनाची फट सहा मिलिमीटरांहून मोठी दिसते. अंशाचा दहावा भाग करवतीच्या काट्यावर डोळ्यांना दिसतही नाही. तुकडे चोवीस केले तर काप अठ्ठेचाळीस होतात आणि फट दुप्पट होते. लांबीतही तसंच. एखादा तुकडा केसभर मोठा असेल तर कडं गोल न बसता खेचलं जातं. म्हणून करवतीच्या टेबलावर एक ठोकळा घट्ट बसवतात आणि फळीचं टोक दर वेळी त्याला टेकवूनच काप घेतात.

कोनाच्या दुखण्यावरचा एक देखणा इलाज या मंडळींत घरोघर पोचला. करवतीच्या टेबलावर सरकणाऱ्या पाटावर एकाऐवजी दोन आधारपट्ट्या लावायच्या. त्या दोघींमध्ये अचूक कापलेली एक पाचर धरून त्यांच्यातला कोन पक्का करायचा. बारा तुकड्यांसाठी ३० अंशांची पाचर. मग तुकड्याची एक बाजू एका पट्टीवर कापायची, दुसरी बाजू दुसऱ्या पट्टीवर. पात्याच्या काटकोनापासून एक पट्टी १४.८ अंशांवर असेल तर दुसरी आपोआप १५.२ वर येते. दोन्ही काप थोडे चुकीचे असले तरी त्यांची बेरीज बिनचूक ३०, आणि कडं मिटायला लागते ती बेरीजच. करवतीचा काटा किती खरा आहे, हा प्रश्नच उरत नाही. टेक्ससचे कातारी जेरी बेनेट यांच्या नावाशी जोडलेला हा पाट ‘वेजी स्लेड’ म्हणून ओळखला जातो.

त्याआधीची आणि आजही चालणारी दुसरी युक्ती फटीला शरण जाण्याची आहे. सहा-सहा तुकड्यांची दोन अर्धी कडी आधी जोडायची. ती सुकेपर्यंत त्यांच्या मधल्या दोन सांध्यांत गोंद न लावता दात कोरायच्या गोल काड्या ठेवायच्या, म्हणजे बाकीचे सांधे दाबाखाली आपापले नीट मिटतात. सगळी चूक गोळा होऊन त्या दोन उघड्या तोंडांशी येते. मग सपाट फळीवर सँडपेपर चिकटवून दोन्ही अर्ध्या कड्यांची तोंडं घासायची आणि ती एका पातळीत आली की कडं बंद करायचं. असं कडं तंतोतंत गोल नसतं. पण ते अजून लेथवर चढायचं आहे, आणि लेथ ते गोल करणारच आहे.

जोडायला लागतो तो पांढरा किंवा पिवळा पीव्हीए गोंद, आपल्याकडच्या फेव्हिकॉलच्या जातीचा. दाब द्यायला महागड्या शिकंज्यांची गरज नसते. पाण्याच्या पाइपाला आवळतात त्या पत्र्याच्या क्लिपा चालतात, लहान कड्यांना रबरबँडही पुरतात. अडचण एकच. तुकड्याची तिरपी बाजू म्हणजे लाकडाचं टोक, आणि तिथे तंतूंच्या नळ्या उघड्या असतात. त्या गोंद पिऊन टाकतात आणि सांधा कोरडा पडतो. म्हणून आधी पातळ हात द्यायचा, तो मुरू द्यायचा, मग दुसरा. साग असेल तर त्याचं अंगचं तेल आडवं येतं. कारागीर सांध्याची बाजू ऍसिटोनने पुसतात आणि लगेच गोंद लावतात.

श्वास घेणारं लाकूड

कोकणात पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकतं आणि दिवाळीनंतर पुन्हा सुटतं. लाकूड हवेतला ओलावा घेतं-सोडतं, आणि प्रत्येक दिशेने सारखं हलत नाही. अमेरिकेतल्या हार्ड मेपलचं उदाहरण घेऊ. ओलं ते पूर्ण कोरडं होताना ते वाढीच्या वलयांच्या कडेने सुमारे ९.९ टक्के आक्रसतं, वलयांच्या आरपार, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे, ४.८ टक्के. तंतूंच्या लांबीत मात्र जेमतेम दशांश टक्का. साग या बाबतीत गुणी. त्याचे पहिले दोन आकडे जवळपास निम्मे आहेत आणि जहाजापासून खिडकीपर्यंत तो का लागतो याचं एक कारण हेच.

तुकडेजोड कामाचा सगळा डाव या आकड्यांवर उभा आहे. प्रत्येक तुकड्याचे तंतू कड्याच्या परिघाच्या दिशेने ठेवायचे. तंतूंची लांबी हलत नाही, म्हणून परिघ हलत नाही आणि व्यासही नाही. भिंत पावसाळ्यात केसभर जाड होते, उन्हाळ्यात बारीक. भांडं गोलच राहतं. अखंड ओंडक्यातून कातलेला वाडगा काही महिन्यांत अंडाकृती होतो. पाचशे तुकड्यांचं भांडं होत नाही.

आणि इथेच नवख्याची दुसरी फसगत होते. भिंतीची कडी जमली की तळाला एक अखंड गोल चकती बसवून टाकावीशी वाटते. वीस सेंटिमीटर रुंद मेपलची चकती लाकडातला ओलावा चार टक्क्यांनी बदलला की आडवी अडीच मिलिमीटरच्या आसपास हलते. तिच्याभोवतीचं कडं हलायला तयार नसतं. चकती सुकली तर ती स्वतः फाटते, फुगली तर कड्याचे सांधे उचकटते. काम पूर्ण होऊन, पॉलिश होऊन, कपाटात विराजमान झालेलं भांडं सहा महिन्यांनी एखाद्या रात्री टचकन वाजतं ते यामुळे. जाणते लोक तळ अगदी लहान ठेवतात, किंवा कड्याला आतून खाच पाडून चकती त्यात गोंदाविना, हलायला जागा ठेवून बसवतात.

रंगांसाठी डबा उघडायचा नसतो. मेपल पांढुरकं, चेरी तांबूस, अक्रोड चॉकलेटी, पदौक लालभडक, वेंगे जवळजवळ काळं. आपल्याकडचा संच घेतला तर फणसाचा पिवळा, सागाचा सोनेरी, खैराचा तांबडा, शिसवीचा जांभळट काळा. यातली शिसवी ज्या वंशात मोडते त्या सगळ्या वंशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून दुर्मिळ वन्य प्राणी-वनस्पतींसाठीच्या ‘सायटिस’ कराराची बंधनं आहेत. अशा लाकडाचा ओंडका मिळवणं अवघड. पण फर्निचरच्या कारखान्यातल्या कतरणीतून चार बोटांचा तुकडा निघतो, आणि तुकडेजोड काताऱ्याला तेवढाच लागतो. रंग टिकतातच असं नाही. पदौकचा लाल उन्हात काही वर्षांत तपकिरी होतो, चेरी उलट गडद होत जाते. आज ठसठशीत दिसणारी नक्षी वीस वर्षांनी किती उरेल, हे लाकूड निवडतानाच पाहावं लागतं.

विटा आणि वेताची टोपली

कडी एकावर एक चढवताना वरचं कडं अर्ध्या तुकड्याने सरकवतात, गवंडी विटांचे सांधे मोडतो तसं. त्यामुळे ताकद येते आणि नक्षीलाही जागा मिळते. चोवीस तुकड्यांची वीस कडी म्हणजे ४८० तुकडे. त्यातला कुठला काळा, कुठला पांढरा, हे आधी चौकटीच्या कागदावर रंगवून ठरतं. अलीकडे त्यासाठी संगणकाचे कार्यक्रम आहेत आणि ते प्रत्येक कड्याची कापायादी छापून देतात. अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या मूळ रहिवाशांच्या मडक्यांवर आणि टोपल्यांवर पायऱ्यांची, विजेच्या रेघांची जी नक्षी असते ती या पद्धतीत अलगद उतरते, कारण तीही मुळात चौकटी मोजूनच विणलेली. कातारी रे ऍलन यांची भांडी या वळणासाठी नावाजली गेली. लिंकन सायट्झमन यांनी तर कातलेल्या लाकडाला वेताच्या टोपलीचं असं रूप दिलं की माणूस जवळ जाऊन वेत चाचपायला बघतो.

कल्पना नवी नव्हती. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात टनब्रिज वेल्स गावी एकोणिसाव्या शतकात रंगीत काड्यांच्या जुड्या चिकटवून त्या लेथवर कातत आणि डब्या, शिवणकामाची साधनं करत. हिरव्या रंगासाठी ते बुरशी चढून हिरवट पडलेलं ओक वापरत. जपानात हाकोने इथल्या हाताजुकू गावात एदो काळाच्या शेवटी रंगीत लाकडांच्या पट्ट्या जोडून नक्षीचा ठोकळा करण्याची कला रुजली. त्या ठोकळ्याचे पापुद्रे काढून पेट्यांवर चिकटवतात, नाहीतर अख्खा ठोकळाच कातून वाडगे करतात. जर्मनीत सॅक्सनीतल्या झायफन गावात मात्र गंमत उलटी चालते. तिथे स्प्रूसच्या ओल्या ओंडक्याच्या चकतीतून लेथवर एक विचित्र खाचाखोचांचं कडं कातून काढतात. कडं हातात घेतलं तर काहीच कळत नाही. ते केकसारखं उभं कापलं की प्रत्येक कापाच्या तोंडावर घोडा किंवा गाय उभी असते. जगभरचे कातारी तुकड्यांतून कडं करतात. झायफनचे कारागीर कड्यातून तुकडे.

लेथवर चढवायची वेळ आली की गणित संपून धाडस सुरू होतं. ओबडधोबड लगोरीचे कोपरे फिरताना दिसत नाहीत, नुसती धूसर सावली दिसते. तीस सेंटिमीटर व्यास आणि मिनिटाला हजार फेरे म्हणजे कडेचा वेग ताशी ५६ किलोमीटर. एक सांधा कोरडा राहिला असेल तर तुकडा त्याच वेगाने सुटतो. म्हणून फिरण्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, तोंडावर पूर्ण ढाल आणि सुरुवातीला मंद गती. पटाशी कोपऱ्यांवर ठक-ठक-ठक वाजते. कोपरे गेले की तो आवाज सलग होत जातो आणि कारागिराला न बघता कळतं की आता गोल आला. लाकडाची बारीक धूळ हा दुसरा धोका. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तिला १९९५ सालीच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं आहे, आणि शिसवीच्या वंशातली काही लाकडं कातड्याला पुरळही आणतात.

गोल मोडायचा कसा?

इतकं करून हाती येतं ते भांडंच. झाडाच्या जाडीतून सुटका झाली, रंगांतून झाली, पण आसाभोवतालचा गोल तसाच राहिला. शिल्प करायचं तर तो मोडायला हवा.

इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि कॅनडात स्थायिक झालेले स्टीफन हॉगबिन यांनी १९७०च्या दशकात याचं सरळ उत्तर दिलं: कातून झालं की कापा. कातलेला गोल मधोमध कापून दोन्ही अर्धे त्यांनी वेगळ्या बाजूंनी जोडले आणि वाडग्याला पाय फुटले. ‘वॉकिंग बोल’ या नावाने ते काम ओळखलं जातं. लेथवरचा गोल हा शेवट नसून कच्चा माल आहे, हे त्यातून पुढच्या पिढीने उचललं. कॅलिफोर्नियातल्या लेक टाहोचे माल्कम टिबेट्स यांनी ते तुकडेजोडीत आणलं. २००४ मध्ये आलेलं त्यांचं ‘द आर्ट ऑफ सेगमेंटेड वुडटर्निंग’ हे पुस्तक या क्षेत्रात पाठ्यपुस्तकासारखं वापरलं जातं. फितीसारखी वळत जाणारी, सुरुवात-शेवट नसलेली त्यांची शिल्पं पाहून ही लेथवर झाली असतील असं वाटत नाही.

यामागची युक्ती एका लहानशा शिल्पावर नीट दिसते. मेदूवड्याच्या आकाराची, गोल काठाची दोन सारखी कडी घ्यायची. असं कडं कातायलाही कसब लागतं, कारण मध्ये पकडायला काही नसतं. तुकडेजोड कडं आधी टाकाऊ लाकडाच्या चकतीवर चिकटवतात आणि त्याची एक बाजू अर्धगोल कातून घेतात. पुठ्ठ्याचा अर्धवर्तुळाकार साचा लावून पाहायचा, उजेड दिसेल तिथे अजून घ्यायचं. मग दुसऱ्या चकतीत त्याच मापाची चर पाडून कडं त्यात उलटं बसवायचं आणि राहिलेली बाजू कातायची.

दोन्ही कडी बँडसॉवर बरोबर मधोमध कापली की चार कमानी मिळतात. दोन कमानी टेबलावर समोरासमोर, समांतर उभ्या करायच्या, अशा अंतरावर की त्यांचे चार पाय म्हणजे एका चौरसाचे चार कोपरे. उरलेल्या दोन कमानी उलट्या, पाय वर करून, चौरसाच्या मोकळ्या दोन बाजूंवर धरायच्या. पायाला पाय जुळतो. कड्याचा काप गोल असल्याने एक कमान दुसरीच्या तुलनेत नव्वद अंशांत वळवली तरी दोन्ही तोंडं तंतोतंत मिळतात. एक कमान वर जाते, पुढची खाली, पुढची वर, पुढची खाली, आणि चौथी पहिलीला येऊन भेटते. टेनिसच्या चेंडूवरच्या शिवणीसारखा एक सलग वेटोळा तयार होतो. लेथने केलेलं सगळं गोल, आणि वस्तूत पूर्ण वर्तुळ कुठेच नाही.

नक्षी मात्र प्रत्येक सांध्याशी अडते. पहिल्या कमानीच्या बाहेरच्या अंगावरून आलेली काळी पट्टी दुसऱ्या कमानीच्या बाहेरच्या अंगाला भेटत नाही. तिच्या बगलेला भेटते. वळणच नव्वद अंशांचं आहे, त्याला इलाज नाही. म्हणून कुठली पट्टी कुठल्या अंगावर हवी, हे कडं जोडायच्याही आधी, चौकटीच्या कागदावर ठरवावं लागतं. नाहीतर प्रत्येक सांध्यात काळी पट्टी तुटते आणि पांढरी कुठून तरी उगवते.

चुकांची बेरीज इथेही सोडत नाही. समोरासमोरच्या दोन कमानींच्या व्यासात मिलिमीटरभर फरक असला तर तीन सांधे काटकोनात बसतात आणि चौथा तेवढाच बाजूला राहतो. गोंद लावण्याआधी सगळं कोरडं जुळवून पाहायचं, फट दिसली तर चारही तोंडं थोडी-थोडी घासून ती वाटून टाकायची. सांध्यातून आरपार लाकडी खुंटी घालतात, कारण सगळा भार त्या चार टोकांवर येतो.

पूर्ण झालेला वेटोळा टेबलावर ठेवला की आणखी एक गोष्ट लक्षात येते. खालच्या दोन कमानी दोन अर्ध्या चाकांसारख्या टेकतात, आणि सगळ्या वस्तूचा भारमध्य त्या चाकांच्या बरोबर मध्यावर असतो. त्यामुळे हलकेच ढकललं तर तो अर्धा फेरा डगमग न करता घरंगळतो आणि शेवटी एखाद्या आडव्या कमानीवर पसरतो. चारही कमानी सारख्याच वजनाच्या असतील तर मध्ये जिथे सोडावा तिथेच थांबतो. प्रत्यक्षात तसं क्वचित होतं. शिसवी मेपलहून जड. काळे तुकडे ज्या बाजूला जास्त पडले ती बाजू खाली येते. प्रदर्शनात मांडायचं तर कारागीर ती जड बाजू ओळखून तिथे बारीक भोक पाडतो, पितळेची सळई बसवतो आणि तिच्यावर वेटोळा हवा त्या कोनात उभा करतो.